साळवे मॅडमचं डिपॉझिट

वाळूजच्या कंपनीत नोकरी लागली आणि मी फर्दापूर सोडून शहरात खोली शोधायला लागलो. सिडकोत एका घराची वरची खोली रिकामी होती. भाडं बेताचं होतं, कंपनीची बस कोपऱ्यावरून मिळत होती. दलाल फक्त एवढंच म्हणाला, "मालकीण चांगली आहे, पण जरा डिपॉझिटवाली आहे." डिपॉझिट तर सगळेच घेतात. पण त्यानं ते 'कुत्रं जरा चावरं आहे' अशा सुरात सांगितलं होतं.

साळवे मॅडम बँकेतून रिटायर झालेल्या. सगळी नोकरी ठेवींच्या काउंटरवर काढलेली. बुटक्या, ठणठणीत, कपाळाला आठ्या आणि काखेत कायम काळी पर्स. घरातल्या घरात, पोळ्या लाटतानासुद्धा ती पर्स काखेतच असायची. त्यांनी माझं डिपॉझिट घेतलं, पावती लिहून दिली. मी उठायला लागलो तर म्हणाल्या, "बस खाली. माझं डिपॉझिट कोण घेणार?"

"तुमचं?"

"मंग? तुझे पैसे माझ्याकडं राहिले. उद्या मी पळून गेले तर? ठेव दोन्हीकडून पायजे."

त्या आत गेल्या आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून लोखंडी खलबत्ता घेऊन आल्या. तो इतका जड होता की माझ्या हातात देताना आम्ही दोघंही वाकलो. "माझ्या आईचा हाय," त्या म्हणाल्या. "जिवापाड जपते मी त्याला. आता तुझ्या ताब्यात."

झालं असं की घरात दुसरा खलबत्ता नव्हता. त्यामुळे रोज संध्याकाळी मी कंपनीतून येऊन जरा आडवा पडलो की दारावर थाप पडायची. हातात लसूण घेऊन मॅडम उभ्या. "तुमच्या ताब्यातला खलबत्ता वापरू का?" मला एरवी अरेतुरे करणाऱ्या मॅडम या एका कामापुरत्या मला अहोजाहो करायच्या. मग माझ्या खोलीत बसून ठणाठणा लसूण कुटायच्या, "आभारी हाय" म्हणायच्या आणि जायच्या. खलबत्ता तुमच्याकडंच ठेवा, असं मी कितीदा सांगून बघितलं. त्या म्हणायच्या, "करार म्हंजे करार." माझे शर्ट कंपनीत लसणासाठी प्रसिद्ध झाले.

त्यांचे मिस्टर, साळवे काका, एसटीत कंडक्टर होते. गंगापूर, वैजापूर, कन्नड अशा सगळ्या रूटवर त्यांचं आयुष्य गेलेलं. माणूस कमी बोलायचा. सकाळी फाटकातून जाणाऱ्या-येणाऱ्याला "जय भीम" घालायचा आणि मग दिवसभर पेपर वाचायचा. मॅडमचं एखाद्याशी भांडण फार लांबलं की आतून त्यांचा आवाज यायचा, "चला, डबल!" म्हणजे गाडी सोडा. मॅडम तिथल्या तिथं गप्प व्हायच्या. नवऱ्याचं ऐकण्यातला त्यांचा हा एकमेव प्रकार होता.

बँकेतले मॅडमचे किस्से काका कधीकधी रंगात आले तर सांगायचे. मुदत ठेव मोडायला आलेल्या माणसाला मॅडम समोरच्या खुर्चीत बसवायच्या आणि विचारायच्या, "मोडायला आलाव? काय मोडलंय घरात आधी ते सांगा." एक नवं लग्न झालेला पोरगा बुलेट घ्यायची म्हणून ठेव मोडायला आला. मॅडमनी त्याला चहा पाजला, सासऱ्याचं नाव विचारलं, बायकोचा फोन नंबर घेतला आणि त्याच्यासमोर तिला फोन लावला. पोरगा ठेव वाढवून घरी गेला. मॅनेजरकडं तक्रार गेली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "साहेब, मी ठेवीच्या काउंटरला बसते. काढीचा काउंटर पलीकडं हाय."

मोडणं हा शब्दच त्यांना सहन व्हायचा नाही. गल्लीतल्या एका मुलीचा साखरपुडा मोडला तेव्हा मॅडम सगळ्यांना सांगत होत्या, "मुदतीआधी काढला." त्यांची पुतणी गरोदर राहिली ती 'नऊ महिन्यांच्या मुदतीवर' होती. आणि कुणीही काहीही त्यांच्याकडं ठेवायला आणलं, अगदी गावाला जाताना शेजारणीनं तुळशीची कुंडी ठेवली, तरी त्या गंभीर चेहऱ्यानं विचारायच्या, "वारस कुणाला लावू?"

पण गल्लीत त्यांचा दबदबा होता तो चपलांमुळं. मॅडमच्या घरात नाही अशी वस्तू नव्हती. शिडी, ड्रिल मशीन, मोठा कुकर, इडलीचं भांडं, पाण्याची मोटर. नळाला पाणी यायचं त्या दिवशी तर मोटरसाठी रांग लागायची. वस्तू त्या कुणालाही आनंदानं द्यायच्या. फक्त न्यायला आलेल्या माणसानं पायातली एक चप्पल त्यांच्याकडं ठेवून जायचं. एकच. डावी का उजवी, ज्याची त्याची मर्जी.

कोपऱ्यावर गॅरेज असलेले शेख चाचा एकदा लंगडी घालत शिडी नेताना म्हणाले, "मॅडम, पैसे रख लेव ना. एकीच चप्पल लेके क्या करते आप?"

"पैसे ठेवले की माणूस विसरतो, चाचा," मॅडम म्हणाल्या. "चप्पल ठेवली की उरलेली चप्पल विसरू देत नाय."

चाचा शिडी सावरत एका पायावर गॅरेजकडं निघाले. आणि खरंच, आमच्या गल्लीत उसनी नेलेली वस्तू संध्याकाळच्या आत परत यायची. असं शहरात दुसरीकडं कुठं होत असेल तर मला माहीत नाही.

यात एकदाच घोटाळा झाला. समोरचे कुलकर्णी आजोबा शिडी न्यायला आले ते अनवाणीच. गल्ली ओलांडायला चपला कशाला, म्हणून. मॅडम म्हणाल्या, "मंग दुसरं काय ठेवता?" आजोबांच्या अंगावर बनियन आणि लुंगी. दोन्ही ठेवण्यासारखं नव्हतं. शेवटी त्यांनी तोंडातली कवळी काढली. मॅडमनी ती स्वच्छ वाटीत पाणी घालून ठेवली, वर झाकण ठेवलं.

शिडीचं काम लांबलं, आणि तेवढ्यात आजोबांच्या नातीला बघायला पाहुणे आले. आजोबा सोफ्यावर तोंड घट्ट मिटून बसले. मुलाकडचे काही बोलले की नुसतं त्यांच्याकडं बघायचे. मुलाचे वडील म्हणाले, आम्हाला मानपान नको. आजोबा गप्प. ते म्हणाले, बरं, लग्नाचा निम्मा खर्च आम्ही करू. आजोबा गप्प. ते म्हणाले, मुलीनं नोकरी सोडायची नाही, आमचा आग्रहच आहे. तेव्हा कुठं आजोबांनी एकदा मान हलवली. लग्न ठरलं. पाहुणे जाताना म्हणाले म्हणे, "आजोबा फार करारी आहेत." मॅडमनी कवळी परत दिली तेव्हा आजोबांनी हात जोडले. मॅडमना का कवळीला, ते कळलं नाही.

आता मुख्य गोष्ट. मॅडमच्या धाकट्या पुतणीचं लग्न आमच्या भागातल्या सभागृहात झालं होतं. सभागृह तसं सगळ्यांचं, पण किल्ली बंडूभाऊंकडं. बंडूभाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. पांढरे कपडे, पांढरे बूट, पांढरी जीप, आणि चौकाचौकात वाढदिवसाची पोस्टरं. सभागृहासाठी मॅडमनी डिपॉझिट भरलं होतं. लग्न झाल्यावर त्या ते परत मागायला गेल्या, तर भाऊंचा माणूस म्हणाला, "कापलं. पंख्याचं पातं वाकलं."

"तो पंखा माझ्या लग्नातबी फिरत नव्हता!" मॅडम म्हणाल्या. "पातं वाकलंच कसं?"

त्या रोज जायला लागल्या. कंपनीच्या बसमधून मला दिसायचं: भाऊंच्या ऑफिसच्या पायरीवर मॅडम पर्स काखेत धरून बसलेल्या. शेवटी एक दिवस भाऊ वैतागले. चारचौघांत म्हणाले, "ताई, डिपॉझिटची एवढी हौस असंल तर निवडणूक लागलीय, उभ्या ऱ्हावा की माझ्यापुढं. बघू तुमचं डिपॉझिट वाचतंय का. जप्त नाय झालं तर नाव नाय सांगणार!"

आजूबाजूचे हसले. मॅडम घरी आल्या त्या थेट माझ्या खोलीत येऊन लसूण कुटायला बसल्या. त्या दिवशी त्यांनी परवानगी विचारली नाही आणि लसूणही आणला नव्हता. रिकामा खलबत्ता कुटत होत्या. खालून काका ओरडले, "चला, डबल!" तरी कुटणं थांबलं नाही. मग मला धास्ती वाटली.

"चाळीस वर्षं," त्या एकदम म्हणाल्या. "गॅसचं डिपॉझिट, फोनचं डिपॉझिट, लायब्ररीचं, पाण्याच्या जारचं. एक डिपॉझिट बुडालं नाय माझं. आणि हा मला जप्तीची भाषा करतो?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी उमेदवारी अर्ज भरला.

मॅडमचा प्रचार असा होता की तसा मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. निवडणुकीत उभ्या राहणाऱ्याचं डिपॉझिट वाचायला पडलेल्या मतांतला ठरावीक हिस्सा मिळावा लागतो. मॅडमना तेवढाच हवा होता. त्या दारोदार जाऊन हात जोडून सांगायच्या, "मला निवडून देऊ नका. तेवढं डिपॉझिट वाचवा." चिन्ह मिळालं फुगा. त्यावर त्या दोन दिवस नाराज होत्या. "फुगा! ठेवता येत नाय, टिकत नाय. कपाट का नाय दिलं मला?"

लोक हसायचे, पण म्हणायचे, "देऊ की मॅडम, मत तुम्हालाच." आणि इथंच मॅडममधली बँक जागी झाली. तोंडी आश्वासनावर त्यांचा विश्वास नव्हता.

"देणार ना? मंग अनामत ठेवा."

एकेक चप्पल जमा व्हायला लागली. मतदान करून यायचं, शाईचं बोट दाखवायचं, चप्पल न्यायची. मत कुणाला दिलं हे त्या विचारणार नव्हत्या. "ते तुमचं तुम्हाला. माझ्यासाठी घराबाहेर पडलाव ना, बास." आमचा ओटा भरला, मग जिना भरला. मग माझ्या खोलीबाहेरची गॅलरी. सँडल, कोल्हापुरी, प्लॅस्टिकच्या, एक लग्नातली मोजडी. काका प्रत्येक चपलेला नावाची चिठ्ठी बांधत होते. आख्खा भाग जुन्यापान्या, न जुळणाऱ्या जोड्या घालून फिरत होता. नवीन माणसाला वाटलं असतं की इथं हीच फॅशन आहे.

मग कुणीतरी तक्रार केली. कुणी, ते सगळ्यांना ठाऊक होतं. एका दुपारी आचारसंहितेचं पथक जीपमधून उतरलं. मतदारांना चपला वाटल्या जातात अशी खबर होती. पुढचा अधिकारी तरुण होता. ओट्यावर चढण्याआधी त्यानं सवयीनं चपला काढल्या, त्याच्यामागं बाकीच्यांनीही.

"या सगळ्या वाटायच्या आहेत?" त्यानं विचारलं.

"वाटायच्या असत्या तर जोडीनं नसत्या आणल्या?" मॅडम म्हणाल्या. "आणि इतक्या झिजलेल्या?"

अधिकाऱ्यानं एक चप्पल उचलून बघितली. टाचेला भोक होतं. "मग आहेत कशाच्या?"

"लोकांनी मला दिल्यात. ठेव म्हणून."

तो बिचारा गोंधळला. त्यानं वरच्या साहेबांना फोन लावला. उमेदवारानं मतदारांना काही देऊ नये, हे नियमात होतं. मतदारांनी उमेदवाराला एकेक चप्पल देऊ नये, असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं. बराच वेळ तो फोनवर "हो सर, एकच सर, नाही सर, डावी-उजवी मिक्स सर" असं बोलत राहिला. शेवटी निकाल लागला: गुन्हा नाही, पण मतदानाशी याचा संबंध नको, मतदानाआधी सगळ्या चपला ज्याच्या त्याला परत करा.

मॅडमचा चेहरा पडला. "मुदतीआधी?" एवढंच त्या म्हणाल्या.

निघताना अधिकाऱ्याची एक चप्पल सापडेना. ढिगात मिसळली होती. काकांनी चिठ्ठ्या वाचून बघितल्या, पथकानं वाकून वाकून शोधलं. शेवटी तो एका पायात स्वतःची आणि एका पायात चिठ्ठी गळून पडलेली हिरवी सँडल घालून जीपमध्ये बसला.

त्या संध्याकाळी मॅडम जेवल्या नाहीत. ओट्यावर त्या चपलांमध्ये बसून होत्या. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "आता कशाच्या जिवावर येतील रे लोकं? माझ्याकडं त्यांचं कायबी नाय." त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक वाटला. भाऊंचा चेहरा, ती हसणारी चारचौघं, सगळं त्यांना आठवत असणार. काका पेपर बाजूला ठेवून आले, बाजूला बसले आणि त्यांनी चिठ्ठ्या वाचून चपला गल्लीवार लावायला सुरुवात केली. एसटीतली पार्सलं लावावीत तशा.

दुसऱ्या दिवशी शेख चाचांनी गॅरेजमधली लोडिंग रिक्षा आणली. "चलो मॅडम, भाडा नक्को." गोण्या भरल्या. पुढं चाचा, मागं चपलांच्या ढिगावर काका आणि मॅडम. मी सुटी काढून पायी मागं. आम्ही एकेक दार वाजवत निघालो.

त्या दिवसांत आमच्या भागात जो येत होता तो काही तरी मागायलाच येत होता. मॅडम परत द्यायला येत होत्या. दार उघडलं की त्या चप्पल पुढं करायच्या. पुसलेली, चिठ्ठीसकट. "बघून घ्या, तुमचीच ना? बंद तुटला होता, चाचांकडून शिवून घेतलाय." बायका आत बोलवायच्या, पाणी द्यायच्या. एक म्हातारी तर चप्पल छातीशी धरून म्हणाली, "माय, आमच्याकडून गेलेलं परत आलंय असं पयल्यांदाच बघायलेय." मॅडमना मत मागायची आठवणच राहिली नाही. दोन गल्ल्या झाल्यावर चाचांनी आठवण केली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता कुठं परत जायचं? ऱ्हाऊ दे."

मतमोजणीला मॅडमनी मला आणि काकांना सोबत नेलं. सुरुवातीला फुग्याला मतं कमी पडत होती. मॅडम पर्स आवळून उभ्या. काका नोकरीतल्या सवयीनं तोंडी हिशेब करत होते. थोड्या वेळानं ते पुटपुटले, "वाचतंय." मॅडमनी माझा दंड धरला. आणखी थोड्या वेळानं काका नेहमीच्या आवाजात म्हणाले, "वाचलं. डबल!"

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. डोळे पुसले. पर्समधून खडीसाखर काढून शेजारच्या पोलिसाला दिली. पण फुगा थांबेना. पुढच्या फेरीत तो दुसऱ्या नंबरावर आला. त्यापुढच्या फेरीत भाऊंच्या अगदी जवळ. पांढऱ्या शर्टाच्या बगला ओल्या झालेल्या भाऊंना मी तिथं पहिल्यांदा बघितलं.

पण त्यांच्यापेक्षा जास्त घाबरल्या मॅडम. "अहो, थांबवा की! बास झालं!" त्या मोजणाऱ्याला म्हणाल्या. तो म्हणाला, "मॅडम, असं थांबवता येत नाही."

"अरे, पाच वर्षांची मुदत हाय ती! मधी काढता बी येत नाय!"

शेवटच्या फेरीत भाऊ कसेबसे पुढं गेले आणि निवडून आले. बाहेर फटाके वाजले. भाऊ मॅडमसमोरून जाताना थबकले. भोवती गर्दी होती, कॅमेरे होते. त्यांनी घाम पुसला आणि हळूच म्हणाले, "ताई, सभागृहाचं तुमचं डिपॉझिट उद्या घरपोच पाठवतो. सगळ्यांचंच पाठवतो. पण पुढच्या वेळी उभ्या नका ऱ्हाऊ."

"पंखा दुरुस्त करा," मॅडम म्हणाल्या.

महिन्याभरानं कंपनीनं माझी बदली पुण्याला केली आणि मी शहर सोडलं. पण मॅडम म्हटलं की मला निकालाच्या दिवशीची संध्याकाळ दिसते. भाऊंची मिरवणूक आमच्या गल्लीत शिरली होती. पुढं डीजे, मागं जीप, जीपवर हार घातलेले भाऊ, हसून हसून गाल थकलेले. मॅडम फाटकात उभ्या होत्या. कुणीतरी त्यांना गुलाल लावला, कुणीतरी हात धरून ओढलं, आणि मॅडम नाचायला लागल्या. काखेत पर्स तशीच. दुसरा हात वर. शेख चाचा शिट्ट्या मारत होते, काका फाटकाशी उभं राहून टाळ्या वाजवत होते. बघता बघता सगळी मिरवणूक मॅडमभोवती गोळा झाली आणि भाऊंची जीप मागं एकटीच राहिली.

पलीकडच्या गल्लीतून एक म्हातारबाबा हार घेऊन आले होते. त्यांनी जीपकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं आणि हार मॅडमच्याच गळ्यात घातला. डीजेच्या आवाजात ते ओरडून विचारत होते, "ताई, किती मतांनी आलात निवडून?"

गुलालानं माखलेल्या मॅडम नाचता नाचताच ओरडल्या, "निवडून? नाय हो बाबा, पडले मी! लई झकास पडले!"